पुण्याहून उघडणारं दार

गाडी माझ्या नावावर, चावी माझ्या हातात, गाडी माझ्याच ओट्याला लागून उभी, आणि दार उघडायचं म्हटलं की फोन लावायचा पुण्याला. गेल्या उन्हाळ्यात वाशीमजवळच्या मालेगावच्या आमच्या गल्लीत हा तमाशा सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ठरलेला असायचा. दूधवाला त्या दिवशी मुद्दाम सायकल हळू करायचा. समोरची म्हातारी झाडू हातात घेऊन उभी राहायची, पण झाडायची नाही.

या विजेच्या गाड्यांच्या दाराला धरायला काही नसतं. हँडल पत्र्यात बुजलेलं. तुमच्याजवळचा रिमोट गाडीने ओळखला की ते आपोआप बाहेर येतं, मिटलेले आरसे उघडतात, दिवे लुकलुकतात. ओळखला नाही तर बसा पत्र्यावर हात फिरवत, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी हात फिरवायची, रिमोट काचेला लावायची, डाव्या दाराशी जायची, उजव्या दाराशी यायची, बटण दाबून दाबून अंगठा दुखवून घ्यायची. गाडी ढिम्म.

ओट्यावर दादा बसलेला असायचा. धुतलेला पांढरा शर्ट, मांडीवर पिशवी. पिशवीत चादर, टॉवेल, फाइल आणि बिस्किटाचा पुडा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा वाशीमला डायलिसिस, सकाळची पाळी. वेळेवर पोचलं नाही तर मशीन पुढच्या पेशंटला देतात. त्यांचं काही चुकत नाही, तिथे ताटकळणारे पुष्कळ असतात. पण पाळी चुकली की दादाच्या अंगात पाणी साचतं, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडतो, आडवं झालं की दम लागतो. त्यामुळे ते दार उघडणं ही माझ्यासाठी नुसती सोयीची गोष्ट नव्हती. दार उघडेपर्यंत मी दादाच्या घोट्यांकडे बघत राहायची, आणि भीती वाटली की माझं तोंड सुटतं.

"आपलीच मोरी अन् आंघोळीची चोरी," वहिनी दारातून म्हणायची.

"तू गप वं वयनी," मी म्हणायची, आणि पुण्याला फोन लावायची.

आता पुणंच का, ते सांगायला हवं. आमच्या गल्लीत ज्याच्या ज्याच्या घरचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, त्या घराचा सगळा कारभार त्या मुलाच्या मोबाइल नंबरावर चालतो. गॅसचं सिलिंडर मालेगावात येतं, ओटीपी पुण्याला जातो. सिलिंडरवाला फाटकाशी उभा, आई आत फोनवर ओरडते, "अरे, आकडे सांग लवकर!" लाइटबिल पुण्याला, बँकेचा मेसेज पुण्याला. कोणी सांगितलेलं नाही, कोणी ठरवलेलं नाही. नंबर विचारला की माणसं पोराचा नंबर सांगतात. त्याला समजतं, आपल्याला समजत नाही, एवढा त्यात विश्वास असतो. आणि थोडं असंही असतं की आईबापांना पाठ असलेला तो एकच नंबर असतो.

गाडी घ्यायला आम्ही अकोल्याला गेलो होतो. मी रिठदच्या पुढच्या एका खेड्यात शाळेवर आहे. वाशीम माझ्या वाटेवरच पडतं. दादाचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा आधी आम्ही एसटीने गेलो, मग काळीपिवळी जीपने. मशीनवरून उतरल्यावर त्याचं बीपी पडतं. एकदा तो वाशीमच्या स्टँडवर उभ्या उभ्या खाली बसला आणि लोकांनी त्याला प्यालेला समजून वळसा घातला. वहिनीने हे घरी येऊन सांगितलं, आणि त्या दिवशी माझं ठरलं. लग्न केलेलं नाही, खर्च विचारणारं कोणी नाही. जाताना दादा-वहिनीला दवाखान्यात सोडायचं, शाळा करायची, येताना घेऊन यायचं, असा माझा साधा हिशेब होता.

शोरूममधल्या माणसाने कागद भरता भरता विचारलं, "मॅडम, मोबाइल नंबर?" मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत दादाने शेजारच्या खुर्चीवरून नंबर सांगूनही टाकला. पुण्याला कंपनीत असलेल्या त्याच्या पोराचा. एका दमात, पाढा म्हणावा तसा. मी डोळे वटारले, तर म्हणाला, "राहू दे नं वं. तुले काय समजते त्या ॲपमधलं?" अपमान झाला, पण समजत नव्हतं हेही खरंच होतं. अशा रीतीने माझ्या गाडीची खरी चावी माझ्या भाच्याच्या फोनमध्ये गेली. येताना विहारासमोर गाडी उभी केली, वहिनीने त्रिसरण म्हटलं, गल्लीत खीर वाटली. दादा मागच्या सीटवर काच खालीवर करत बसला होता. त्या दिवशी दार एकदाही अडलं नाही.

मग अडायला लागलं. रोज नाही, हा त्यातला खरा छळ. रोज अडलं असतं तर माणूस काहीतरी पक्कं करतो. शाळेसमोर उघडायचं, बाजारात उघडायचं, आणि नेमकं डायलिसिसच्या सकाळी घरापुढे मुकं व्हायचं. गल्लीने आपापली निदानं केली. एक म्हणाला मागच्या गच्चीवरच्या टॉवरमुळे होतं. एक म्हणाला पिठाच्या गिरणीमुळे. समोरच्या म्हातारीने लिंबू-मिरची सुचवली, तेव्हा वहिनी तडकली, "आमी नाई बांधत तसलं. अन् रोग हाल्याले, इंजेक्शन पखालीले कायले?" म्हणजे दुखणं रेड्याला आणि सुई त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पखालीला. मी रिमोटचा सेल बदलला, परत बदलला. शोरूमला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की असं कधी कधी होतं मॅडम, नॉर्मल आहे. माझा भाऊ ओट्यावर सुजलेले पाय घेऊन बसला होता आणि तिला ते नॉर्मल होतं.

रिमोटच्या पोटात एक पत्र्याची चावी असते, अडीनडीला. तिने दार उघडतं. पण मग गाडीला वाटतं चोर आला, आणि ती बोंबलायला लागते. बोंबलते, चालू मात्र होत नाही. म्हणून पुणं. भाच्याने तिकडे ॲपवर बोट टेकवलं की इकडे गाडी शहाण्या लेकरासारखी आरसे उघडून उभी, आणि मुकाट्याने चालूही व्हायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की शेळ्या ऐकायच्या.

पहिल्या काही वेळा फोनवर मीच बोलले. बोलले म्हणजे भांडले. "उघड रे लवकर." "उघडलं आत्या." "बरं." संपलं. मग एकदा माझ्या हातात दोन पिशव्या होत्या म्हणून फोन दादाकडे दिला.

इथे आमच्याकडची एक रीत सांगते. आमच्या भागात बाप-लेक विनाकारण फोनवर बोलत नाहीत. आई बोलते, बहीण बोलते. बापाने फोन उचलला की पहिला प्रश्न, "बोल, काय काम हाय?" काम असेल तर ते सांगायचं, नसेल तर फोन आईकडे जातो. यात प्रेम कमी असतं असं कोणी समजू नये. दादा जन्मभर बाजार समितीत मापारी होता. सोयाबीन, तूर, हरभरा, लोकांचा माल काट्यावर घालायचा आणि वजन सांगायचं. त्याच्या तोंडातून कामापुरतेच शब्द निघत. पोरगा त्याच्यावरच गेला. दोघं एका खोलीत बसले तर मला घुसमटायचं. भाचा दर रविवारी फोन करायचा, वहिनीशी जेवणाचं बोलायचा, माझ्याशी रिपोर्टचं बोलायचा. दादा शेजारी बसून ऐकायचा आणि फोन ठेवला की विचारायचा, "काय म्हणे?"

आता मात्र काम होतं. रीतसर काम.

"हं. गाडी उघडून नाई राह्यली," दादा म्हणाला.

"थांबा बाबा. आता बघा."

आरसे उघडले. "उघडली," दादा म्हणाला. आणि फोन परत द्यायच्या ऐवजी तसाच कानाला धरून गाडीत बसला. "तू कुठी हाय? बसमधी? जेवला का? नाश्ता रे, नाश्ता." मी गाडी मागे घेत होते, माझं लक्ष आरशात. आरशात दादा दिसत होता.

त्यानंतर फोन लावायचं काम दादाने आपल्याकडे घेतलं. मी दाराशी झटापट करत असायची, तो ओट्यावरून शांतपणे विचारायचा, "लावू का?" आणि मी हो म्हणायच्या आत लावलेला असायचा. पोरगा पहिल्या रिंगला उचलायचा. मला वाटायचं, सकाळी कंपनीच्या बसमध्ये असतो, रिकामा असतो. दार उघडल्यावर मग थोडं थोडं चालायचं. काल वजन किती आलं, सुई नीट लागली का, पाणी जास्त पिऊ नका. दादा सांगायचा, "तिथी काट्यावर मीच उभा राह्यतो आता. दुसरं पोरगं वजन सांगते, बराबर नाई सांगत." तिकडून हसू ऐकू यायचं. तो हसतो कसा हे मी विसरले होते.

पण मला काय त्याचं! खरं सांगते, तेव्हा मला हे सगळं ऐकू येत होतं आणि कळत काही नव्हतं. माझं लक्ष घड्याळात. शाळेची वेळ, दवाखान्याची वेळ, गाडीचं चार्जिंग, लाइट गेली तर काय. झोपेतही मी दाराच्या पत्र्यावर हात फिरवायची. ही गाडी म्हणजे असून अडचण नसून खोळंबा, असं मी स्टाफरूममध्ये येताजाता सांगायची.

आणि मग तो सोमवार आला. ऊन सकाळीच चढलेलं. रविवारी दादा चोरून पाणी प्यायला होता. वाशीम जिल्ह्यातला उन्हाळा आणि दिवसाला मोजकं पाणी, मी तरी काय बोलणार! चेहरा सुजलेला, बोलताना मध्ये थांबायचा. गाडी मुकी. दादाने फोन लावला, रिंग वाजत राहिली, बंद झाली. परत लावला. परत तेच. मी माझ्या फोनवरून लावला, वहिनीने तिच्या. कोणीच उचलेना. मी पत्र्याच्या चावीने दार उघडलं आणि गाडी बोंबलायला लागली. सगळी गल्ली बाहेर. शेजारी मोटारसायकल काढून तयार, पण दादाला मोटारसायकलवर बसता येईना, दोनदा बसवला आणि दोनदा तो एका बाजूला कलला. मी त्या बोंबलणाऱ्या गाडीला लाथ घातली. बाईने, शिक्षिकेने, चारचौघांत. चप्पल तुटली.

बऱ्याच वेळाने भाच्याचा फोन आला. कंपनीत अशी जागा होती जिथे फोन बाहेर ठेवून जावं लागतं. "सॉरी आत्या, सॉरी, आत्ता उघडतो," तो म्हणत होता, आवाज फुटलेला. गाडीचं बोंबलणं थांबलं, ती चालू झाली. दादाने फोन मागितला आणि एवढंच बोलला, "काई नाई झालं. तू काम कर."

झालं होतं. पाळी गेली होती. मशीनवर दुसरा पेशंट झोपलेला. दुपारपर्यंत थांबावं लागलं. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये दादा बाकावर ताठ बसून श्वास घेत होता, कारण आडवं होता येत नव्हतं, आणि मी त्याच्याच फाइलने त्याला वारा घालत होते. भीती वाटली. इतकी वाटली की मला रडूही येईना. आपला भाऊ एका न उघडलेल्या दारापायी जाईल, असं मला स्पष्ट वाटलं. दुपारी त्याला आत घेतल्यावर मी बाहेर येऊन एक बाटलीभर पाणी घटाघटा प्यायले आणि मग त्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेला रजा टाकून गाडी घेऊन अकोला गाठलं. तिथे काय झालं असेल? गाडी दर वेळी उघडली. दुखणाईत पोर डॉक्टरपुढे नेल्यावर हसायला लागतं, तसं. तिथला माणूस म्हणाला, "चालते ना मॅडम." मी म्हटलं, "चालते तर चालू दे, मी इथंच बसते." आणि बसले. शोरूमच्या मधोमध, डबा उघडून पोळी खात बसले. गिऱ्हाईकं बघायला लागली तेव्हा त्यांनी गाडी आत घेतली. नवा रिमोट दिला, गाडीत काहीतरी नवं टाकलं, आणि मुख्य म्हणजे गाडीची मालकी भाच्याच्या फोनवरून माझ्या फोनवर आणली. त्यासाठी त्याची परवानगी लागत होती. त्याला फोन केला, त्याने तिकडून बटण दाबलं.

"झालं आत्या. आता गाडी तुझी." मग म्हणाला, "मला काढून टाकणार का?"

"राहू दे दोन नंबरला, असलेला बरा," मी म्हटलं.

बुधवारी मी दाराजवळ गेले. हँडल पुढे आलं. आरसे उघडले. एका झटक्यात, सोन्यासारखं. मी ओट्याकडे वळून ओरडले, "पाय दादा! पाह्यलं का?" दादाने हातातला फोन खिशात ठेवला. "बरं झालं," तो म्हणाला. आम्ही इतक्या लवकर पोचलो की दवाखान्यात झाडलोट चालली होती. शुक्रवारीही तसंच. मी शाळेत वेळेआधी जायला लागले, पोरांना संशय आला.

गाडी सुधारली आणि दादा बिघडला. आधी मला ते उन्हाचं वाटलं. जाताना बोलेना. काचेतून बाहेर बघत राहायचा. रविवारी भाच्याचा फोन आला, तेव्हा योगायोगाने दादानेच उचलला.

"बोल, काय काम हाय?"

"काही नाही बाबा. सहज."

"बरं." दादाने फोन कानावरून काढून एकदा पाहिला, परत कानाला लावला. "घे, तुह्या मायसंग बोल," दादा म्हणाला आणि फोन वहिनीकडे दिला.

पुढच्या बुधवारी म्हणाला, पोट बरं नाही, आज राहू दे. मी समजावलं, वहिनीने हात जोडले, तो भिंतीकडे तोंड करून झोपला. गुरुवारी पाय असे सुजले की चप्पल जाईना. घोट्यावर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. मी दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले आणा, उद्या काही करून आणा, दोन पाळ्या चुकवू नका. ते सांगायची गरज नव्हती. पॅसेजमधला तो बाक माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी तयार होऊन आले तर दादा पुढच्या खोलीत खाटेवर. शर्ट घातलेला नाही. पिशवी भरून ठेवलेली, वहिनी तिच्याजवळ उभी.

"ऊठ दादा."

"नाई जात."

"काहून नाई जात?"

"कायले जायचं? सुया टोचून घ्या, पानी काढून घ्या, अन् सोमवारी पुन्हा तेच. थकलो मी."

मग माझं तोंड सुटलं. मरायचं हाय का तुले, मी कोनासाठी घेतली गाडी, वयनीनं काय करायचं, तुले कोनाची पडली हाय का. बोलू नये ते सगळं बोलले. वहिनी पदराने डोळे पुसत होती. दादा शांतपणे ऐकत होता. बोलायलाही त्याला दम लागत होता.

"तू वरडू नोको वं," तो म्हणाला. "गल्ली आयकते." मग त्याने उघड्या दारातून बाहेर पाहिलं. "गाडी उघडली?"

"उघडली."

"सोताहून?"

"सोताहून. आता कोनाले फोन लावा लागत नाई."

त्याने मान डोलावली. खाटेखालची चप्पल त्याने पायानेच आणखी आत सरकवली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी ते दार नीट करायला अकोल्यापर्यंत गेले, भांडले, जिंकले, मिरवले. आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार या माणसाला खाटेवरून उठवणारी गोष्ट मीच नीटनेटकी काढून टाकली होती. पोराला फोन करायला काम हवं, आणि ते काम मी संपवलं होतं. मला स्वतःची इतकी चीड आली की दाराची चौकट धरून उभी राहिले.

मी बाहेर गेले. गाडीपाशी उभी राहिले. गाडी आरसे उघडून, दिवे लावून, हँडल पुढे काढून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी परत आत आले.

"नाई उघडून राह्यली," मी म्हटलं. "आतून बंद पडली पुन्हा."

मला खोटं बोलता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी भाच्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पहिल्या रिंगला उचलला.

"काय झालं आत्या? बाबा बरे आहेत ना?"

"बरे हायेत. गाडी नाई उघडून राह्यली. तू उघड."

मागे बसचा आवाज येत होता. त्याने ॲप उघडून पाहिलं. मग म्हणाला, "आत्या, इथं तर उघडीच दाखवतंय. सगळे दरवाजे उघडे आहेत."

सगळ्या जगाला चहाड्या सांगणारं ते ॲप! मी फोन हातात धरून खाली फरशीकडे बघत राहिले. वहिनीने पिशवी छातीशी धरली. आता फोन ठेवणार, दादा भिंतीकडे वळणार, आणि मग काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

खाट करकरली. दादा दोन्ही हातांवर जोर देऊन उठून बसत होता. त्याने हात पुढे केला.

"दे इकडे."

फोन त्याने तोंडासमोर धरला, आरशात बघावं तसा. दम लागत होता, म्हणून थांबत थांबत बोलला.

"उघडीच हाय. मले दिसून राह्यली इथून. तुही आत्या लबाड बोलते."

"मग बाबा?"

"मंग तू बंद कर. अन् पुन्हा उघड."

पलीकडे बस चालल्याचा आवाज येत होता. मग अगदी हळू, आमच्याच बोलीत, पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून ऐकली नव्हती त्या बोलीत उत्तर आलं, "बरं बाबा. करतो. पायजा."

बाहेर खट्ट आवाज झाला. हँडल आत गेलं, आरसे मिटले, दिवे गेले. गाडी तशीच थोडा वेळ बंद उभी राहिली. दूधवाला सायकल थांबवून बघत होता. मग दिवे लुकलुकले आणि आरसे हळूहळू उघडले.

"उघडली का बाबा?"

"उघडली." दादा वाकून खाटेखाली चप्पल चाचपडत होता. वहिनीने ती पायाशी आणून ठेवली आणि खुंटीवरचा शर्ट काढला. एक हात बाहीत घालून, फोन दुसऱ्या हातात तसाच धरून, दादा म्हणाला, "सोमवारी पन उघडजो. मी तयार होऊन बसतो."